पडणे आणि मोडणे

सरकार स्थिर असावे असे कोणाला वाटत नाही? दुकानदाराला वाटते, शेतकऱ्याला वाटते, आणि आम्हां मास्तरमंडळींना तर विशेषच वाटते. कारण मंत्री बदलला की परिपत्रक बदलते, आणि परिपत्रक बदलले की कालपर्यंत जे मुलांना शिकवणे कर्तव्य होते ते आज शिकवणे अपराध ठरण्याचा संभव असतो. स्थैर्याची ही ओढ निरोगी आहे. परंतु निरोगी ओढदेखील माणसाला भलत्या दारी नेऊन उभी करते. तहान खरी असते, म्हणून समोरचे प्रत्येक पाणी पिण्याजोगे असते असे नाही.

आमच्या इतवारीत ही तहान नित्य बोलून दाखवली जाते. सराफ्यात, किराणा ओळीत, मस्कासाथेत, कुठल्याही गादीवर घटकाभर टेका. बाजारभाव झाले, पाऊसपाणी झाले, की गाडी राज्यकारभारावर येते. आणि मग कोणीतरी लोडाला रेलून म्हणतोच, “ही शंभर डोकी काही कामाची नाहीत. एकच माणूस पाहिजे. लोकांनी थेट निवडलेला. पाच वर्षे त्याला कोणी हात लावायचा नाही. मग बघा!” बाकीचे मान डोलावतात. मी पुष्कळ वेळा ही मान डोलावणारी मंडळी पाहिली आहे. त्यांच्यांत मूर्ख कोणी नसतो. उधारीचा एक पैसा न विसरणारी ही माणसे असतात. म्हणूनच त्यांच्या म्हणण्याचा विचार थट्टेवारी न नेता करायला हवा.

“एकच माणूस, थेट निवडलेला, मुदतभर अढळ” या तीन शब्दसमूहांत अध्यक्षीय पद्धतीचे सारे मर्म आहे. संसदीय पद्धतीत आपण सभागृह निवडतो, आणि सभागृहाच्या विश्वासावर सरकार जगते. विश्वास सरला की सरकार सरते. अध्यक्षीय पद्धतीत अध्यक्षाला लोक निवडतात आणि सभागृहालाही लोकच निवडतात. दोघांची मुदत ठरलेली. सभागृहाला अध्यक्ष आवडला नाही म्हणून तो जात नाही, आणि अध्यक्षाला सभागृह आवडले नाही म्हणून ते विसर्जित होत नाही. दोघांनाही एकाच धन्याची सनद मिळालेली असते. आपली म्हण सांगते की एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. अध्यक्षीय राज्यघटना म्हणते की राहतात, आणि राहिल्याच पाहिजेत.

घटना समितीत हा प्रश्न डोळ्यांआड झाला नव्हता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी तो तराजूत घालूनच दाखवला. एका पारड्यात स्थैर्य, दुसऱ्या पारड्यात जबाबदारी. अमेरिकेची पद्धत स्थैर्य अधिक देते आणि जबाबदारी कमी. ब्रिटनची पद्धत जबाबदारी अधिक देते आणि स्थैर्य कमी. दोन्ही सारख्याच मापाने देणारी पद्धत अजून कोणाला सापडलेली नाही, आणि मसुद्याने जबाबदारीचे पारडे पसंत केले आहे, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. अमेरिकेत अध्यक्षाची परीक्षा ठरावीक काळाने होते. आपल्याकडे प्रश्न, ठराव आणि चर्चा यांनी ती रोज व्हावी, असा हिशेब त्यामागे होता.

परंतु गेल्या पाऊणशे वर्षांत जगाने या तराजूत आणखी एक वजन टाकले आहे. अध्यक्षीय पद्धती स्थैर्य देते हे गृहीतच सर्वत्र खरे ठरले नाही. ते काही ठिकाणी खरे ठरले, काही ठिकाणी साफ खोटे. असे का झाले याचा शोध घेणारे जवळजवळ सगळे अभ्यासक एका जागी येऊन थांबतात. राज्यघटनेच्या कलमांइतकेच, किंबहुना काकणभर जास्त, त्या देशातील पक्षांच्या रचनेकडे पाहिले पाहिजे असे ते सांगतात. पक्ष किती, त्यांच्यांत शिस्त किती, आणि हरलेल्या पक्षाला जिंकलेल्याशी बोलण्याची सवय किती, या तीन गोष्टींवर अध्यक्षाची खुर्ची उभी असते. खुर्चीचे चित्र घटनेत असते. तिचे पाय बाहेर असतात.

हे समजून घ्यायला फार लांब जायला नको. महाराष्ट्रात आपण हा प्रयोग लहान प्रमाणावर वारंवार केला आहे. २००१ साली राज्य सरकारने नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडण्याची पद्धत आणली. २००६ साली ती गेली आणि पुन्हा नगरसेवक नगराध्यक्षाला निवडू लागले. २०१६ साली थेट निवडणूक परत आली. २०२० साली नव्या सरकारने ती रद्द केली. २०२२ साली त्याहून नव्या सरकारने ती पुन्हा जारी केली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या त्या थेट नगराध्यक्षासहच झाल्या. सरपंचाचेही तसेच: २०१७ साली थेट, २०२० साली सदस्यांतून, २०२२ साली पुन्हा थेट. आमच्या नागपूर महानगरपालिकेने तर याच्या उलट बाजूचीही चव घेतली आहे. १९९८च्या सुमारास मुंबई आणि नागपूर या दोन शहरांत महापौर-परिषदेची, म्हणजे जवळजवळ मंत्रिमंडळासारखी, पद्धत आणली गेली. तीही फार काळ टिकली नाही.

या येण्याजाण्याकडे जरा शांतपणे पाहावे. स्थैर्यासाठी म्हणून जी पद्धत आणायची तीच पंचवीस वर्षांत पाच वेळा हलली. प्रत्येक वेळी सभागृहात तात्त्विक कारणे सांगितली गेली. एका बाजूने सांगितले, थेट निवडीमुळे घोडेबाजार थांबेल. दुसऱ्या बाजूने सांगितले, थेट निवडीमुळे सदस्यांना किंमत उरत नाही आणि गावगाडा अडतो. दोन्ही कारणांत तथ्य आहे. पण कारणांची निवड मात्र पुष्कळशी ‘आपला पक्ष कोणत्या पद्धतीत अधिक जागा काढील’ या गणितावर झाली, असे म्हटल्यास कोणावर अन्याय होईल असे मला वाटत नाही. ज्या पक्षाचा झेंडा मोठा आणि गल्लीतील माणूस लहान, त्याला थेट निवड मानवते. ज्याची गल्लीतील घराणी मोठी आणि झेंडा फिका, त्याला सदस्यांतून केलेली निवड मानवते. यातून एक गोष्ट मात्र उघड होते. पद्धतीमुळे पक्ष सुधारतात असे आपण समजतो. प्रत्यक्षात पक्षच पद्धतीला आपल्या मापाने कापून घेतात.

आता एका काल्पनिक गावाचा विचार करू. विदर्भातलेच गाव समजा; कामठी, काटोल, उमरेड, सावनेर यांच्या वळणाचे, पण यांपैकी कोणतेही नव्हे. नगराध्यक्ष एका पक्षाचा निवडून आला. वीस नगरसेवकांपैकी बारा दुसऱ्या पक्षाचे आले. २०१६-१७च्या निवडणुकांत महाराष्ट्रात अनेक ठिकाणी असे घडले, म्हणून कल्पनेला ताण देण्याचे कारण नाही. आता नगराध्यक्ष म्हणतो, “मला साऱ्या गावाने निवडले आहे, तुम्ही एकेका प्रभागाचे.” बारा जण म्हणतात, “आम्ही बहुमत आहोत. अंदाजपत्रक आमच्या हातात आहे.” दोघेही खरे बोलतात. आणि दोघेही खरे बोलत असले म्हणजे भांडण मिटणे फार कठीण होते. खोटे बोलणाऱ्याला उघडे पाडता येते. खऱ्याविरुद्ध खरे उभे राहिले तर पंच कोण?

मग पुढे तीन वाटा असतात. पहिली वाट अडून बसण्याची. सभा तहकूब, विषय नामंजूर, नळाची योजना कागदावर, आणि मुख्याधिकारी दोघांकडे आळीपाळीने पाहत बसलेला. दुसरी वाट वळवून घेण्याची. बारांतील चार-पाच जण एके सकाळी ‘विकासासाठी’ पलीकडे जातात. स्थानिक संस्थांतील पक्षांतराविरुद्ध १९८६चा अनर्हता कायदा आहे खरा, पण पुष्कळदा निकाल लागेपर्यंत मुदतच संपत आलेली असते. तिसरी वाट बोलण्याची. दोन्ही बाजूंनी बसायचे, पाच कामे तुमची आणि पाच आमची असे ठरवायचे, ते कागदावर लिहायचे आणि गावाला सांगायचे. ही वाट सर्वांत स्वस्त आहे, आणि तिच्यावर गवत उगवलेले असते.

लॅटिन अमेरिकेचा गेल्या साठ वर्षांचा इतिहास म्हणजे याच गावाची मोठी आवृत्ती आहे. चिलीमध्ये १९७० साली साल्वादोर आयेंदे अध्यक्ष झाले तेव्हा त्यांना मते शेकडा ३६च्या आसपास होती. दुसऱ्या उमेदवाराला ३५च्या जवळपास, तिसऱ्याला २८च्या जवळपास. दुसऱ्या फेरीची सोय नव्हती. तेथील काँग्रेसने आयेंदेंना कौल दिला. म्हणजे तीनांपैकी दोन मतदारांनी ज्याला मत दिले नव्हते असा माणूस सहा वर्षांसाठी अढळ झाला, आणि त्याच्यापुढे विरोधी बहुमताचे सभागृह तितकेच अढळ. मार्च १९७३च्या निवडणुकीत विरोधकांना निम्म्याहून अधिक मते मिळाली, पण अध्यक्षाला काढायला लागणारे दोन-तृतीयांश मिळाले नाही. अध्यक्षाला काम करता येत नव्हते, सभागृहाला त्याला काढता येत नव्हते, आणि घटनेत तिसरे दार नव्हते. ११ सप्टेंबर १९७३ रोजी लष्कराने भिंत फोडली. त्या फोडण्याला परकीय शक्तींचा आणि आर्थिक हलाखीचा हातभार होता, हे इतिहासाला माहीत आहे. परंतु ज्या भिंतीत दार नसते ती फोडण्याचे निमित्त शोधणाऱ्याला फार श्रम पडत नाहीत.

हुआन लिंझ या अभ्यासकाने १९९० साली नेमका हाच दोष दाखवला: अध्यक्षीय पद्धतीत दोन सनदा असतात आणि मुदत ताठर असते. स्कॉट मेनवेअरिंग याने १९९३ साली त्यात महत्त्वाची भर घातली. त्याचे म्हणणे असे की, अध्यक्षीय पद्धती एकटी इतकी घातक नाही. ती आणि बहुपक्षीय सभागृह यांची जोडी अवघड आहे. दोनच मोठे पक्ष असले तर अध्यक्षाच्या पक्षाला सभागृहात बहुमत मिळण्याचा किंवा बहुमताच्या जवळ जाण्याचा संभव असतो. पक्ष आठ-दहा झाले की अध्यक्ष जवळजवळ हटकून अल्पमतात जातो. संसदीय पद्धतीत अल्पमतातील नेत्याला आधी मित्र जमवावे लागतात आणि मग खुर्ची मिळते. अध्यक्षाला खुर्ची आधी मिळते. मग मित्र जमवायचे. आणि खुर्ची मिळाल्यावर जमवलेल्या मित्रांची जात निराळी असते, हे आपल्या बाजारात सांगण्याची गरज नाही.

ब्राझीलने या मित्र जमवण्यालाच राज्यपद्धतीचे रूप दिले. १९८८ साली सेर्जिओ अब्रांचेस याने तिला ‘आघाडीची अध्यक्षशाही’ असे नाव दिले. अध्यक्ष लोकांतून येतो, पण मंत्रिपदे वाटून सभागृहात बहुमत उभे करतो. ही युक्ती पुष्कळ वर्षे चालली. पण तिची किंमतही दिसली. मूठभर खासदारांच्या पक्षाच्या जोरावर १९८९ साली निवडून आलेले फर्नांदो कोलोर यांना महाभियोग चालू असता १९९२ साली पद सोडावे लागले. २००५ साली उघड झाले की मतांसाठी खासदारांना पैसे पोचवले जात होते. त्या प्रकरणाला तेथील लोकांनी दिलेल्या नावाचा अर्थ साधारणपणे ‘मोठा महिन्याचा हप्ता’ असा होतो. मराठी वाचकाला त्यावर टीप द्यायला नको. २०१६ साली दिल्मा रूसेफ यांना काढले तेव्हा सभागृहात पंचवीसहून अधिक पक्ष होते, आणि त्यांचा मोठा मित्रपक्ष आदल्या काही महिन्यांतच बाहेर पडला होता. पेरूची कथा याहून वेगवान. २०१६ साली अध्यक्ष झालेल्या कुचिन्स्की यांच्या पक्षाचे १३० पैकी १८ सदस्य, आणि एकट्या विरोधी पक्षाचे ७३. जुलै २०१६ ते डिसेंबर २०२२ एवढ्या अवधीत तेथे सहा जण अध्यक्षपदी बसले. त्यांतील एकाला तर आठवडाही पुरा करता आला नाही. स्थैर्यासाठी ठरवून दिलेली पाच वर्षांची मुदत तेथे भिंतीवरच्या पंचांगाइतकीच उरली.

“मग दोनच पक्ष ठेवा, म्हणजे झाले!” असे आमचे लोडाला रेललेले गृहस्थ म्हणतील. अमेरिकेकडे बोट दाखवतील. त्यांचे बोट योग्य दिशेला आहे, पण तेथेही पाहण्यासारखे अधिक आहे. अमेरिकेची पद्धत दोन पक्षांमुळे टिकली हे अर्धे सत्य आहे. ते दोन पक्ष दीर्घकाळ सैल होते, हे उरलेले अर्धे. एका पक्षाचा खासदार विषयानुसार दुसऱ्या पक्षाच्या अध्यक्षाबरोबर जात असे, आणि त्याला कोणी फितूर म्हणत नसे. पुढे दोन्ही पक्ष घट्ट होत गेले, मधली माणसे सरली, आणि खर्चाच्या मंजुरीवाचून कचेऱ्या बंद पडण्याचे प्रकार लांबत गेले. २०१८-१९ साली ३५ दिवस आणि २०२५ साली ४३ दिवस तेथील केंद्र सरकारचा कारभार अंशतः बंद होता. पक्ष दोनच, पण त्यांच्यांतली खिडकी बंद झाली की तेही अडतात.

येथे एक मोठा पेच उभा राहतो, आणि माझ्या मते या विषयाचे नैतिक मूळ त्याच पेचात आहे. पक्षांत शिस्त फार असेल तर विरोधी सभागृह अध्यक्षापुढे दगडासारखे उभे राहते. शिस्त फार कमी असेल तर अध्यक्षाला प्रत्येक मतासाठी वेगळा सौदा करावा लागतो. पहिल्यात कारभार थांबतो. दुसऱ्यात चारित्र्य विकले जाते. आपण स्थैर्य हवे म्हणतो तेव्हा या दोहोंपैकी कोणती किंमत मोजायला तयार आहोत? विकत घेतलेल्या माणसांच्या खांद्यांवर पाच वर्षे उभे राहिलेले सरकार स्थिर म्हणायचे का? कागदोपत्री ते स्थिर असते खरे. पण अशा सरकारात जे स्थिर असते ते फक्त सरकार. त्याच्याखालची जमीन रोज खचत असते.

न्यायासाठी उलट बाजूही मांडली पाहिजे. होसे आंतोनियो चेइबुब याने २००७ साली असे दाखवण्याचा यत्न केला की, अध्यक्षीय लोकशाह्या कोसळल्या त्या बहुतांशी ज्या देशांत आधीपासून लष्कराला राज्य करण्याची चटक होती तेथे. दोष पद्धतीच्या माथी मारणे बरोबर नाही. हे म्हणणे दुर्लक्षण्यासारखे नाही. गेल्या तीनचार दशकांत लॅटिन अमेरिकेत पुष्कळ अध्यक्ष मुदतीआधी गेले, पण त्यांतील बहुतेक ठिकाणी रणगाडे आले नाहीत. सभागृहाने त्यांना काढले आणि निवडणुका होत राहिल्या. पण हे उदाहरण कोणाच्या बाजूने जाते? अध्यक्षाला काढायची वाट जेथे रुळली तेथे लोकशाही वाचली, याचा अर्थ अध्यक्षीय पद्धतीने गुपचूप संसदीय पद्धतीचे एक दार उसने घेतले. तेही महाभियोगाच्या नावाखाली, म्हणजे राजकीय अविश्वासाला गुन्ह्याचे कपडे चढवून.

म्हणून मला दोन क्रियापदे वेगळी करावीशी वाटतात: पडणे आणि मोडणे. सरकार पडणे निराळे, राज्य मोडणे निराळे. संसदीय पद्धतीत सरकार पडते. १९९६ ते १९९९ या काळात आपल्या देशात लोकसभेच्या तीन निवडणुका झाल्या. एप्रिल १९९९ मध्ये एका मताने केंद्र सरकार पडले. नोव्हेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्रात सकाळी शपथ घेतलेले सरकार चौथ्या दिवशी गेले. २०२२ आणि २०२३ साली दोन मोठे पक्ष उभे चिरले गेले. हे पाहून मान खाली घालावी असे त्यात पुष्कळ होते. पण या सगळ्यात राज्य मोडले नाही. सरकार पडायचे ते सभागृहात पडले आणि पुढचे उभे राहिले. पडण्याची सोय ज्या वस्तूला असते ती सहसा मोडत नाही. बैलगाडीचा सांधा थोडा सैल ठेवतात तो त्याचसाठी.

अध्यक्षीय पद्धतीचा पुरस्कार करणारे सारे हुकूमशाहीचे पूजक असतात, असे मात्र मी म्हणणार नाही. आमच्याच विदर्भाचे एक नेते, वर्ध्याचे खासदार आणि केंद्रीय मंत्री राहिलेले वसंत साठे, यांनी १९८०च्या दशकात हा विचार आग्रहाने मांडला होता. आमदार-खासदारांना मंत्रिपदाचे आमिष असते म्हणून पक्षांतरे होतात. मंत्री सभागृहाबाहेरून, गुणवत्तेवर घ्यावेत, असा या पक्षाचा युक्तिवाद असतो, आणि तो वजनदार आहे. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. मंत्रिपदाचे आमिष काढले की आमिषच संपते, अशी ती समजूत. ब्राझील सांगतो की आमिष आपले रूप बदलते. महामंडळ, ठेका, निधी, आणि शेवटी रोकड. ज्या देशात पक्ष म्हणजे विचारांचे घर नसून निवडणुकीपुरती धर्मशाळा असते, तेथे अध्यक्ष आणून धर्मशाळेचे घर होत नाही. फक्त धर्मशाळेला एक उंच मनोरा येतो.

कादंबरीकार म्हणून या प्रश्नाचे आणखी एक अंग मला दिसते. वाचकाला नायक हवा असतो. वीस पात्रांची कथा सांगितली तर तो विचारतो, “पण यातला मुख्य कोण?” ही भूक राजकारणातही असते. नायक हवा, आणि नायक फसला की खलनायक हवा. दोहोंना एकच चेहरा चालतो. आमच्या नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघते. काळी मारबत, पिवळी मारबत, आणि त्यांच्यामागे सालोसालच्या पुढाऱ्यांवर, महागाईवर, रोगराईवर कोरडे ओढणारे बडगे. साऱ्या गावाची इडापीडा पुतळ्यावर लादून ती गावाबाहेर न्यायची, ही शंभराहून अधिक वर्षांची प्रथा आहे, आणि सण म्हणून ती फार शहाणी आहे. वर्षातून एक दिवस मनातले ओकून टाकायला जागा असावी. पण राज्यपद्धती म्हणून तीच वृत्ती धोक्याची. सारे पुण्य एका माणसाच्या नावे जमा करायचे आणि सारे पाप त्याच माणसाच्या नावे टाकायचे, म्हणजे मधल्या काळात आपण, आपला नगरसेवक, आपला पक्ष, सगळे मोकळे. ‘एकच माणूस पाहिजे’ या मागणीत मला कर्तृत्वाच्या पूजेपेक्षा या मोकळे होण्याचा वास अधिक येतो. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी राजकारणातील भक्तीविरुद्ध जो इशारा दिला, तो मला याच जागी लागू वाटतो.

या मोकळे होण्याचे शेवटचे टोकही नागपूरने पाहिले. मार्च २०२२ मध्ये महानगरपालिकेची मुदत संपली. त्यानंतर साडेतीन वर्षांहून अधिक काळ शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती होता. सभागृह नाही, महापौर नाही, पक्ष नाहीत, घोडेबाजार नाही. याहून अधिक स्थैर्य कोणते हवे? सरकार पडण्याचा संभवच नव्हता, कारण पडायला काही उभेच नव्हते. पण गल्लीतील गटार तुंबले तर कोणाचा दरवाजा ठोठवायचा, हे माणसाला समजेनासे झाले. आंबेडकरांच्या तराजूतील जबाबदारीचे पारडे रिकामे केले की स्थैर्याचे पारडे कसे जमिनीला टेकते, ते आम्ही असे घरबसल्या पाहिले.

मग करावे काय? पद्धतीची निंदा करून भागत नाही. थेट सरपंच आणि थेट नगराध्यक्ष आता आहेत, आणि त्यांतले चांगले काम करणारेही आहेत. सरपंचाच्या बाबतीत कायद्याने एक शहाणपण केले: सदस्यांनी अविश्वासाचा ठराव केला, तरी तो ग्रामसभेपुढे गुप्त मतदानाने मंजूर व्हावा लागतो. म्हणजे दोन सनदांचे भांडण ज्याने सनदा दिल्या त्याच्याकडेच परत जाते. असे दार जेथे आहे तेथे भिंत फोडावी लागत नाही. जेथे दोन सनदा आहेत तेथे असे दार ठेवणे, हा पहिला नियम समजावा.

दुसरा नियम कायद्याने होणारा नाही. नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्याचे, असा कौल देणारा मतदार गोंधळलेला असतो असे पुढारी मानतात. मला वाटते तो पुष्कळदा काही सांगत असतो: “तुम्हां दोघांवरही माझा पुरता विश्वास नाही, बसून बोला.” या आज्ञेचे पालन करणे हे दोन्ही बाजूंचे कर्तव्य आहे. बहुमतवाल्यांनी चांगले काम केवळ नगराध्यक्षाच्या नावावर जाईल म्हणून अडवणे, आणि नगराध्यक्षाने तडजोडीऐवजी माणसे फोडणे, ही दोन्ही सारख्याच दर्जाची पापे आहेत, आणि दोन्हींना आपण मतदार ‘राजकारण आहे, चालायचेच’ म्हणून क्षमा करतो. इतवारीत दोन भागीदारांचे दुकान असते. दोघांचे स्वभाव जुळतातच असे नाही. पण वही एक असते, आणि दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या दिवशी ती दोघांसमोर उघडते. कोणी काय घेतले, कोणी काय दिले, ते लिहिलेले असते. जे भागीदार लिहून ठेवतात त्यांचे भांडण दुकानात राहते. जे लिहीत नाहीत त्यांचे कोर्टात जाते. आघाडी उघड असावी, तिच्या अटी लिहिलेल्या असाव्यात, आणि ती वही लोकांपुढे उघडावी. आघाडी आणि घोडेबाजार यांत मला दिसणारा फरक एवढाच आहे, पण तो दिवस आणि रात्रीचा आहे.

देशासाठी किंवा राज्यासाठी अध्यक्षीय पद्धती हवी का, असे मला कोणी विचारले तर माझे उत्तर ‘नको’ असे आहे; आणि त्याचे कारण आपल्या पक्षांची आजची प्रकृती हे आहे. पक्ष अनेक, त्यांतील पुष्कळ एका घराण्याचे किंवा एका चेहऱ्याचे, आणि फुटण्याची तयारी सदाचीच. अशा पक्षांवर अढळ अध्यक्ष बसवला तर तो एकतर अडेल किंवा विकत घेईल. आणि एखाद्या लाटेत अध्यक्ष व सभागृह दोन्ही एकाच हाती आले, तर त्याला विचारणारे कोणी उरणार नाही. उद्या पक्ष सुधारले, हरलेला जिंकलेल्याशी दिवसाढवळ्या बोलू लागला, तर कदाचित उत्तर बदलता येईल. पण तेव्हा एक गंमत होईल. पक्ष इतके सुधारल्यावर सरकारे संसदीय पद्धतीतही टिकू लागतील, आणि मग अढळ माणसाची मागणी करायला लोडाला रेलून कोणी उरणार नाही.